आल्या वाटेने वरात परतत नाही

"आबी, ही जरा मागे घे ना. फोटोत येतेय."

'ही' म्हणजे सत्तारची जीप. रशियन, हिरवी. म्हणजे एके काळी हिरवी. आता तिचा रंग कुणी विचारला असता तर सत्तारला आधी आठवावं लागलं असतं. बोलणारा यावेर, त्याला आबी, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणारा धाकटा चुलतभाऊ, इस्तंबूलला फरशांचं मोठं दुकान असलेला. अंगणाच्या मधोमध यावेरची काळी गाडी उभी होती. उंच, रुंद, अशी चकचकीत की कोंबड्या तिच्यात आपलं तोंड बघून दचकत होत्या. आरशांना लाल फिती, पुढे कागदी फुलांचा हार. आज सत्तारच्या मुलाचं, मुर्सेलचं लग्न, आणि नवरी या गाडीतून घरी यायची होती.

सत्तारनं जीप मागे घेतली.

"अजून."

अजून घेतली.

"अजून थोडी, आबी."

"आता आणखी मागे गेलो तर तळ्यात पडेन," सत्तार खिडकीतून म्हणाला. "चालेल? जेवणाचं एक पान वाचेल."

ढोलवाला हसला, सनईवाला हसला. सत्तारची बायको झेर्निशान दारातून म्हणाली, "तळं अजून नीट गोठलेलं नाही. पंधरा दिवस थांबा, मग जा."

तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, चिल्दिरच्या तळ्याकाठचं चाळीस घरांचं गाव. इथे हिवाळा ऑक्टोबरच्या शेवटी येतो आणि मे महिन्यापर्यंत पाहुण्यासारखा नाही, जावयासारखा राहतो. गवत रचून झालं, चीज कोठारात गेलं, हंस कापून मीठ लावून टांगले, की माणसांना लग्नं सुचतात. त्याआधी कुणाला वेळ असतो?

सत्तारला सगळा मुलूख कप्तान म्हणायचा. समुद्र त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्याचा बाप घोड्याची घसरगाडी हाकायचा, बर्फावरून. त्याच्या मागे ही जीप आली, तिलाही आता बावीस वर्षं झाली. कप्तानाचं काम असं की बर्फ पडला आणि बाकीच्या गाड्या झोपल्या, की याची उठायची. अडलेल्या बाया, छातीत कळ आलेले म्हातारे, शाळेचा मास्तर, मतांच्या पेट्या, एकदा तर इमाम आणि दोन मेंढ्या एकाच सीटवर. जुन्या गिरणीसमोर मागच्या बाकावर एक मुलगा जन्मला, आणि त्याच बाकावरून त्या मुलाचा आजोबा दोन महिन्यांनी शेवटचा गेला. पैसे ज्याला देता आले त्यानं दिले. ज्याला नाही त्यानं चीज दिलं, किंवा दुवा दिली. दुवा सत्तारकडे फार साठल्या होत्या.

गुडघे मात्र गेले होते. एकोणसाठ वय, गुडघे नव्वदीचे. उजवा हात सकाळी मिटायचा नाही. आणि एक गोष्ट त्यानं कुणालाही सांगितली नव्हती, झेर्निशानलासुद्धा नाही: दारावर थाप पडली की त्याला आता रडू यायचं. मोठ्यानं नाही. मोजे चढवताना, खाली वाकल्यावर, दोन-चार थेंब. मग तो त्या थापेला, बर्फाला, आजाऱ्याला आणि आजाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या द्यायचा आणि निघायचा.

म्हणून, मागणी घालायला गेले तेव्हा मुलीचा मामा चहाचा पेला ठेवत म्हणाला, "कप्तान, राग मानू नका. पण शेळ्यामेंढ्यांच्या वासाच्या डब्यातून आमची सेनेम सासरी जाणार नाही. चार लोकांत आमचाही मान आहे," तेव्हा मुर्सेलचे कान लाल झाले, सत्तारची मोठी बहीण बेस्ती हिनं ओठ चावला, आणि सत्तार मात्र म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

आणि यावेर जेव्हा म्हणाला, "आबी, माझी काळी घे. मी नवी घेतोय. भावात भाव काय करायचा? हा खटारा काढून टाक, म्हातारपणी जरा रुबाबात बस," तेव्हा सत्तारनं इतक्या झटकन मान डोलावली की झेर्निशान त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हाला काळी गाडी हवी?" घरी आल्यावर तिनं विचारलं.

"का? मला शोभणार नाही?"

"गाढवाला चष्मा शोभतो तेवढी शोभेल."

तो हसला, पण खरं बोलला नाही. खरं असं होतं की पांढऱ्या चामड्याच्या सीटवर कुणी हगवण लागलेलं वासरू घालायला येणार नव्हतं. काळी गाडी पहिल्या मोठ्या बर्फाला गोठ्यात जाणार, वर ताडपत्री, आणि एप्रिलपर्यंत कप्तानाकडे गाडीच नाही. लोक येतील, दार वाजवायला हात उचलतील, मग आठवेल, अरे, कप्तानाची आता ती गाडी. आणि परत जातील. कुठे जातील, हा विचार तो मुद्दाम पुरा करत नसे. मंगळवारी कार्स शहरातला व्यापारी जीप न्यायला येणार होता. आज रविवार. दोन दिवस. दोन दिवसांनी सत्तार झोपणार होता.

वरात निघाली. पुढे काळी गाडी, यावेर चालवतोय, शेजारी बेस्ती, मागे मुर्सेल नव्या सुटात अवघडून. मधे बायकांची मिनीबस. शेवटी जीप, तिच्यात ढोल, सनई, आणि सवयीनं टाकलेलं फावडं, दोर, साखळ्या.

खालच्या रस्त्यानं, तळ्याच्या कडेकडेनं, सगळं लोण्यासारखं झालं. सरकारी नांगर सकाळीच बर्फ काढून गेला होता. नवरीच्या गावात, कारादेरेमध्ये, दारात चहा, साखरेचा खडा दातात धरून दोन दोन पेले, थोडं नाचणं, थोडं रडणं. भावानं सेनेमच्या कमरेला लाल शेला बांधला. सेनेम अंगानं भरलेली, हातांचे पंजे मोठे असलेली मुलगी. बापाची पाठ गेल्यापासून कारादेरेचं दूध डेअरीवर तीच घालायची, ट्रॅक्टरनं आणि मामाच्या टेम्पोनं. आज मात्र बुरख्यासारख्या पांढऱ्या जाळीखाली खाली मान घालून गप्प. सासऱ्यानं मान म्हणून काही देईपर्यंत नव्या सुनेनं त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, ही या मुलखाची रीत. हल्ली कोण पाळतं? पण बेस्ती जिथे असेल तिथे सगळं पाळलं जाई.

आणि तिथेच घोळ झाला.

नवरी गाडीत बसली. यावेरनं गाडी खालच्या रस्त्याकडे वळवली. बेस्तीनं त्याच्या हातावर चापट मारली.

"कुठे?"

"घरी, आब्ला." तिला सगळेच आब्ला म्हणत, मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

"आल्या वाटेनं वरात परतत नाही, हे इस्तंबूलला विसरलास का फरशी घासता घासता?"

सगळ्या गाड्या थांबल्या. सत्तार जीपमधून उतरून, गुडघ्यावर हात ठेवत पुढे आला.

"आब्ला, दुसरी वाट म्हणजे वरची खिंड. तिथे परवापासून नांगर गेलेला नाही."

"मग?"

"मग मशिदीला एक वळसा घालू, खळ्यावरून फिरू, म्हणजे वाट वेगळी झाली. लोक असंच करतात."

"लोक काय वाट्टेल ते करतात." बेस्ती खिडकीतून त्याच्याकडे बघत होती. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "सत्तार, माझ्या वरातीत बापानं हेच केलं होतं. खळ्याला वळसा. बर्फ फार आहे म्हणाला. तीन वर्षांत मी पांढरी ओढणी घेऊन त्याच घरी परत आले. त्याच वाटेनं. घसरगाडी हाकायला तूच होतास."

ढोलवाल्यानं ढोलाच्या दोऱ्या तपासल्या. मिनीबसमधल्या बायकांनी एकदम थंडी वाजल्यासारख्या शाली ओढून घेतल्या. सत्तारला माहीत होतं की क्षयानं मेलेल्या तिच्या नवऱ्याचा रस्त्याशी संबंध नसतो. हेही माहीत होतं की हे बेस्तीला तीस वर्षांत कुणी समजावू शकलेलं नाही, आणि आज समजवायचं तर आधी उभं राहायला हवं, आणि उभं राहायची त्याची ताकद संपली होती.

"यावेर, साखळ्या आहेत?"

"आबी, साखळ्यांनी त्या चाकांवर ओरखडे पडतात. ती चाकं बघ तरी." यावेरनं बोनेटवर थाप मारली. "काळजी सोड. ही गाडी भिंतीवर चढेल."

"भिंतीवर बर्फ नसतो," सत्तार म्हणाला, आणि मिनीबसच्या चाकांना साखळ्या चढवायला वाकला.

खिंड जवळ आली तसं आकाश खाली आलं. बर्फ पडत नव्हता, वाऱ्यानं जमिनीवरून धुरासारखा सरपटत होता. जीप मागून निवांत गुरगुरत येत होती, ढोलवाला पेंगत होता. पुढे काळ्या गाडीच्या मागच्या दिव्यांची लाल रेघ एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे.

"नाचतेय," सनईवाला म्हणाला. "वाजवू का?"

तेवढ्यात ती तिसऱ्यांदा नाचली, हळूच, एखादी बाई पदर सावरत वळावी तशी, आणि नाक बर्फाच्या ढिगात खुपसून तिरपी उभी राहिली.

मग अर्धा तास व्हायचं ते झालं. यावेरनं इंजिन ओरडवलं. चकचकीत चाकं जागच्या जागी फिरली आणि त्यांनी मागे ढकलणाऱ्या मुर्सेलचा लग्नाचा सूट चिखलबर्फानं रंगवला. दिसायला ती चार पायांची गाडी, पण जोर पुढच्या दोन पायांत, आणि ते दोन तर ढिगात. सत्तारनं फावडं चालवलं. दोर बांधला, जीपनं ओढला, काळी हातभर सरकली आणि दरीच्या बाजूला दीड हात.

"सोड, सोड!" मिनीबसमधून बायका ओरडल्या. "नवरीसकट जाशील!"

सत्तारनं दोर सोडला. कण्यातून घाम आणि थंडी एकदमच उतरत होती. गोठ्यात ताडपत्रीखाली निजलेली काळी गाडी त्यानं इतके दिवस मनात पाहिली होती. मनातली ती गाडी अशी खिंडीत तिरपी उभी राहून कधीच दिसली नव्हती.

"ही आता उद्या ट्रॅक्टरनंच निघेल," तो म्हणाला. "नवरीला जीपमध्ये घ्या. चल पोरी, उतर."

सेनेम उतरली नाही.

"सेनेम, चल," मुर्सेल दातांवर दात वाजवत म्हणाला. "गोठतोय मी."

बेस्तीनं पुढच्या सीटवरून मान वळवली आणि हात आडवा धरला. "नवरी एकदाच उतरते. सासऱ्यानं मान दिला की. रीत आहे."

"आब्ला! ती दारात! इथे दार आहे का?"

"उतरणं ते उतरणं. दारात असो, दरीत असो. बोल, सत्तार, काय देतोस?"

वारा सुटला होता. वरातीतली सगळी माणसं, लाल नाकांची, गोल करून उभी होती, आणि आता सगळ्यांना मजा येऊ लागली होती. सत्तार फावड्यावर टेकला.

"पहिलारू गाय. करड्या रंगाची."

जाळीखालून मान हलली. नाही.

"अरे वा!" ढोलवाला जागा झाला. "सून तयारीची आहे!"

"गाय आणि वासरू."

नाही.

"झेर्निशानच्या बांगड्या. दोन्ही."

मिनीबसच्या खिडकीतून झेर्निशान ओरडली, "माझ्या बांगड्या तुम्ही कोण देणार? पण घे गं, घे!"

नाही.

"मग काय हवं तिला? तळं?" सत्तारचा आवाज थकून चिरकला. "विचार तिला, आब्ला. माझे पाय गेले."

सेनेम पुढे वाकली. बेस्तीच्या कानात काहीतरी बोलली. बेस्तीनं कान मागे घेतला, तिच्याकडे पाहिलं, परत कान दिला. मग ताठ होऊन बसली.

"काय म्हणते?"

"वेडी आहे."

"ते कळेल नंतर. म्हणते काय?"

"म्हणते, जीप."

कुणी हसलं नाही, कारण कुणालाच नीट कळलं नाही. यावेर म्हणाला, "कुठली जीप?"

"हीच. म्हणते, मंगळवारी जी विकणार आहात ती. मला द्या म्हणते." बेस्तीचा चेहरा पडला होता. तिच्या कुळात सोनं, गाय, शेताचा तुकडा मागितलेला तिनं ऐकला होता. भंगार कुणी मागितलं नव्हतं.

जीप राहिली म्हणजे थाप राहिली. दोनच दिवस उरले होते. सत्तार काळ्या गाडीच्या खिडकीशी गेला. खाली वाकताना गुडघा कटकन वाजला.

"सेनेम, ऐक पोरी. तुला ठाऊक नाही तू काय मागतेस. ही गाडी घरात असली की दार वाजतं. पहाटे, जेवताना, तापात पडलेलो असताना. माणसं विचारत नाहीत, तू थकलायस का. मी... मला ती नकोय आता." हे त्यानं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं, आणि तेही अर्ध्या मुलखासमोर. मागे झेर्निशाननं खिडकीची काच पूर्ण खाली केली. "मी काळी गाडी रुबाबासाठी नाही घेतली, पोरी. झोपेसाठी घेतली."

बेस्ती पुढे काही सांगणार, तोच सेनेमनं जाळी वर केली. रीत तिथेच मोडली.

"तुमचं दार मी वाजवलंय, बाबा. दोनदा. मामाच्या घसरगाडीवरून आले होते. आईच्या वेळी. मी चौदाची होते."

सत्तारनं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या रात्रीची, पुरुषाचा कोट घातलेली, पापण्यांवर बर्फ साठलेली एक मुलगी. त्यानं तिला दारातच उभं ठेवून शिव्या दिल्या होत्या, हे त्याला आठवलं.

"तुम्ही मला कुत्र्याची पोर म्हणालात," सेनेम म्हणाली, "आणि मोजे चढवलेत. आई नंतर सहा वर्षं जगली." ती थांबली. "काळ्या गाडीला मान आहे, नाही म्हणत नाही. पण जानेवारीत मानावर बसून दवाखान्यात जाता येत नाही. मामाला सांगून दमले मी. परवाना आहे माझ्याकडे, अर्दाहानला काढलेला. दार वाजलं की मी उठेन. तुम्ही आतून फक्त शिव्या द्या. नुसती मी उठले तर लोकांना खरं वाटायचं नाही."

आधी झेर्निशान हसली. मग सगळी मिनीबस. मुर्सेल हसता हसता थरथरत म्हणाला, "मला कुणी विचारणार आहे का काही?"

"तू मागे बस," बेस्ती म्हणाली. तिनं नाक पुसलं. "आणि सरकून बस. मलाही जागा हवी."

सत्तारनं हातमोजा दातांनी ओढून काढला. कोटाच्या खिशात हात घातला. किल्लीला मेंढीच्या लोकरीचा गोंडा होता, बावीस वर्षांत दगडासारखा झालेला. किल्ली खिडकीतून आत गेली. मोठा, लाल, मेंदी लावलेला पंजा तिच्यावर मिटला, आणि सेनेम उतरली.

"व्यापाऱ्याला मी सांगतो," सत्तार पुटपुटला. "मंगळवारी येऊ नको म्हणून."

ढोल-सनई मिनीबसमध्ये गेले. यावेर आपल्या काळ्या गाडीपाशी जरा वेळ उभा राहिला, तिच्या छतावरचा बर्फ कोटाच्या बाहीनं पुसला, मग तोही मिनीबसमध्ये बायकांच्या मधे जाऊन बसला, आणि तिथे त्याला जे ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. सेनेमनं झग्याचा पांढरा घोळ कमरेच्या लाल शेल्यात खोचला, बूट काढून नवऱ्याच्या मांडीवर फेकले, लोकरी मोज्यांत पाय पेडलवर ठेवले आणि गिअर टाकला. कुरकुरला नाही. सत्तारकडून तो रोज कुरकुरायचा.

सत्तार शेजारी बसला. त्या सीटवर तो बावीस वर्षांत कधी बसला नव्हता. बसल्या बसल्या डाव्या कुल्ल्याला एक तुटलेली स्प्रिंग रुतली.

"ही टोचते!"

"सगळ्यांनाच टोचते, सत्तार," मागून बेस्ती म्हणाली.

"मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"तू नेत होतास ना. वर तक्रार कोण करणार?"

त्यानं अंग थोडं डावीकडे घेतलं, थोडं उजवीकडे. स्प्रिंग चुकवून एक जागा सापडली. उतार सुरू झाला. सेनेम ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावत नव्हती. इंजिनाच्या जोरावर गाडी धरून खाली सोडत होती, जसं त्याच्या बापानं त्याला घोडा धरायला शिकवलं होतं तसं. इथे वळण आहे, सांगावं का? नको. ती वळली. पुढे पाण्याचा ओघळ गोठलेला असतो, सांगावं का? तिनं आधीच कड धरली होती. खाली, खूप खाली, तळं राखाडी पडलं होतं. एकेक करून सांगायच्या गोष्टी संपत गेल्या.

घराशी गाडी लागली तेव्हा ढोल फुटेल असा वाजत होता. दारात मेंढा आणलेला, पोरांनी अक्रोड उधळले, शेजारणींनी हाळ्या घातल्या. सेनेम मोज्यांवरच खाली उतरली, किल्ली शेल्यात खोचून. मुर्सेल तिचे बूट हातात घेऊन उतरला. बेस्ती उतरली. दार उघडंच राहिलं, आणि बर्फ आत यायला लागला.

पुढच्या सीटवर सत्तार मान छातीवर टाकून झोपला होता. तोंड थोडं उघडं. ढोल वाजत होता आणि तो झोपला होता.

यावेरनं आत डोकावून पाहिलं. "आली का पंचाईत! सून उतरली, सासरा उतरेना. आता याला उतरवायला काय द्यायचं?"

झेर्निशाननं अंगावरची शाल काढून त्याच्या गुडघ्यांवर टाकली आणि जीपचं दार हळूच लावून घेतलं.

"काही देऊ नका," ती म्हणाली. "ढोल तेवढा आत न्या."